आधी पेटी, मग वूफर

परवा फोनवर तू म्हणालास, "काका, दोन बारा इंची वूफर सेलमध्ये मिळतायत, आज रात्री मागवतो." मी थांब म्हणालो, पण का थांब ते फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून सगळं लिहून पाठवतोय. सावकाश वाच. ह्यूस्टनच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास तुझ्या पिकअपमध्ये बसणार आहेस, तर आतला आवाज चांगला असायलाच हवा. त्यात पैसे घालू नकोस असं मी कधीच म्हणणार नाही. कुठल्या क्रमाने घालायचे तेवढं ऐक.

मी १९८८ साली टल्साला आलो आणि पुढच्याच वर्षी एक जुनी शेव्हरोले पिकअप घेतली. तुझ्या गाडीसारखीच, एका केबिनची. आत बाकासारखी एक लांब सीट, आणि सीटची पाठ व केबिनची मागची भिंत यांच्यात जेमतेम सहा-सात इंचांची जागा. मी उत्साहाच्या भरात तू करायला निघाला आहेस तेच केलं. दोन बारा इंची वूफर आणले आणि मग ते मावतील अशी पेटी ठोकून काढली. मावले. पण आवाज असा निघाला, की कुठलंही गाणं लावा, खालचा सूर एकच. बेस गिटार असो, ढोलकी असो, पखवाज असो, सगळ्यांना एकाच खोलीत कोंडून एकच भिंत बडवायला सांगितल्यासारखं. शेजारी एक म्हातारे सुतार राहायचे, हयातभर स्वयंपाकघरांची कपाटं केलेले. त्यांनी दार उघडून दोन मिनिटं ऐकलं, सीट पुढे पाडली, पेटीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "वूफर तुला कुठेही विकत मिळेल. ही जागा कुठे मिळणार? आधी जागा मोजायची होती." पुढची बारा-तेरा वर्षं मी त्यांच्याकडून शिकत राहिलो. इथे लिहिलंय त्यातलं निम्मं त्यांचं आहे.

ओक्लाहोमात हे वेड जुनं आहे, तेही सांगून ठेवतो. टल्साहून तासाभरावर स्टिलवॉटर नावाचं गाव आहे. तिथे १९७३ मध्ये एका गॅरेजात स्पीकर बनवायचं काम सुरू झालं, आणि १९८० मध्ये त्याच लोकांनी खास गाडीत बसवायची पेटी काढली. तिचं नाव किकर. आज त्या नावाचे वूफर जगभर विकले जातात. पण मुळातला प्रश्न आपलाच होता: गाडीत जागा कमी आणि माणसाला संगीत भरपूर हवं.

आता मुद्द्यावर येतो. वूफरचा कोन, म्हणजे समोरचा पडदा, मागेपुढे हलतो, तेव्हा त्याला परत जागेवर आणणाऱ्या दोन स्प्रिंगा असतात. एक त्याची स्वतःची, म्हणजे कडेचा रबरी गोल आणि आतली घड्याघड्यांची चकती. दुसरी म्हणजे बंद पेटीतली हवा. पेटी लहान, तर हवेची स्प्रिंग कडक. पेटी मोठी, तर मऊ. एडगर विल्चर नावाच्या माणसाने १९५४ मध्ये अमेरिकेत हीच हवेची स्प्रिंग मुद्दाम वापरून, लहान पेटीतून खोल आवाज काढून दाखवला. पुढे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोघांनी ऑस्ट्रेलियात बसून याचं गणित मांडलं, आणि आज प्रत्येक वूफरच्या कागदावर जे आकडे छापलेले असतात त्यांना त्या दोघांचंच नाव आहे. त्यातले तीन आकडे तुला पुरेत. एफएस म्हणजे वूफर मोकळा टांगला तर तो आपणहून ज्या कंपनावर डोलतो ते. क्यूटीएस म्हणजे तो डोलणं स्वतः किती आवरतो ते. व्हीएएस म्हणजे त्याच्या स्वतःच्या स्प्रिंगेइतकी मऊ असणारी हवा किती घनफूट, ते.

गणित असं. व्हीएएसला पेटीच्या हवेने भाग, त्यात एक मिळव, त्याचं वर्गमूळ काढ. आलेल्या आकड्याने क्यूटीएसला गुणलंस की पेटीत बसलेल्या वूफरचा क्यू मिळतो, आणि त्याच आकड्याने एफएसला गुणलंस की पेटीतली नवी कंपनसंख्या मिळते. क्यू ०.७ च्या आसपास आला तर आवाज सपाट, सरळ, जे आहे तेच ऐकवणारा. ०.८ ते ०.९ म्हणजे थोडा भरदार, गाडीत कित्येकांना तोच आवडतो. १ च्या वर गेला की एका सुरावर फुगवटा येतो आणि त्याच्या खालचं सगळं झपाट्याने उतरतं.

कागदावर करून बघ. समज वूफरचा एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.५, व्हीएएस १ घनफूट. त्याला ०.७२ घनफूट हवा दिलीस तर क्यू येतो ०.७७ आणि कंपनसंख्या ४६ हर्ट्झ. झकास. तोच वूफर पाव घनफुटात कोंबलास तर क्यू १.१२ आणि कंपनसंख्या ६७. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते. म्हणजे पहिल्या पेटीत ती तार अंगावर येईल, दुसऱ्या पेटीत तिचा तळच निघून जाईल. वूफर तोच, पैसे तेवढेच. माझ्या पहिल्या पेटीचं हेच झालं होतं.

म्हणून आधी हवा मोज. आणि ती फूटपट्टीने नको, पुठ्ठ्याने मोज. फ्रीजचं खोकं मिळालं तर उत्तम. सीटची पाठ पुढे पाड, पुठ्ठ्याचा उभा छेद काप, भिंतीला लावून बघ, जिथे टेकतो तिथे कात्रीने उतरव, पुन्हा लाव. पाच-सहा वेळा असं केलंस की खऱ्या आकाराचा साचा हातात येतो. मग सीट मागे घे, तुला गाडी चालवायला लागते तितकी मागे, आणि पाठ टेकून बस. सीटची पाठ साच्याला दाबते का बघ. आवाजासाठी गुडघे पोटाशी घेऊन गाडी चालवायची नाही.

भिंतीवर काय काय आहे ते हात फिरवून बघ, नुसतं डोळ्यांनी नको. जॅक आणि त्याचा दांडा पुष्कळ पिकअपमध्ये सीटच्या मागेच असतो. टायर पंक्चर झाल्यावर, रात्री, पावसात पेटीचे चार बोल्ट उघडत बसावं लागेल अशी रचना करू नकोस. लहान मुलाच्या सीटचा वरचा पट्टा अडकवायची कडी तिथेच असते. ती आज तुला लागत नाही, उद्या लागेल, ती झाकू नकोस. सीटबेल्टची गुंडाळी सोड. आणि मागच्या भिंतीत खाली कुठेतरी रबरी पडद्यांची एक जाळी असते, त्यातून केबिनमधली हवा बाहेर पडते. ती पेटीने बंद केलीस तर दार लावताना कानाला दडा बसेल आणि दार धडपणे लागणार नाही. मागे इंचभर फट ठेवलीस तरी पुरतं. तू क्रू कॅब घेतली असतीस तर मी मागच्या सीटच्या खालची जागा सुचवली असती, तिचं गणित वेगळं.

तुझ्या गाडीत साधारण काय मावेल ते मी अंदाजाने मांडतो, खरे आकडे तुझ्या साच्याचे. बाहेरून रुंदी ५२ इंच, उंची १४, खोली खाली ७ आणि वर साडेचार, कारण सीटची पाठ कललेली असते. पाऊण इंची एमडीएफ धरली तर प्रत्येक दिशेने दीड इंच फळ्यांत गेला. मध्ये एक आडभिंत, तिचा पाऊण इंच. आत उरली रुंदी ४९.७५, उंची १२.५, खोली खाली साडेपाच, वर ३, म्हणजे सरासरी सव्वाचार. गुणाकार २६४३ घनइंच. एका घनफुटात १७२८ घनइंच, म्हणजे हवा १.५३ घनफूट. वूफरची स्वतःची चुंबकं जागा खातात, ती वजा केली की साधारण १.४५. दोन वूफर लावलेस तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.७२. लोक इथेच चुकतात. पेटीची हवा सांगताना पूर्ण सांगतात, आणि वूफर दोन बसवताना वाटणी विसरतात.

खोलीचं एक बारीक सांगतो, हे मला सुतारबाबांनी हाताला धरून दाखवलं होतं. वूफरच्या कागदावर बसवायची खोली सव्वातीन इंच लिहिली, आणि तुझ्या पेटीच्या मध्यावर आत सव्वाचार आहे, म्हणजे इंचभर मोकळं, असं तू म्हणशील. पण पेटी पाचरीसारखी आहे. चुंबक म्हणजे टोक नव्हे, पाच-सहा इंचांची जाड थाळी आहे ती. तिची वरची कड मध्यापासून तीन इंच वर जाते, आणि तिथे आतली खोली साडेतीनच्या थोडी पुढे उरते. म्हणजे मोकळं अर्धा इंचसुद्धा नाही. चुंबकाच्या मागे मधोमध श्वास घ्यायला भोक असेल तर त्याला तेवढी फट लागतेच, नाहीतर कॉइल तापते आणि फुसफुस ऐकू येते. उपाय साधा आहे: वूफर मध्यावर न लावता इंचभर खाली सरकव. पुठ्ठ्याची सहा इंची चकती काप, काठीला लाव, साच्यात फिरवून बघ. पाच मिनिटांचं काम आहे.

आता वूफर निवडू. बारा इंची घेऊ नकोस असं मी का म्हणतो ते एव्हाना दिसलं असेल. साडेबारा इंच आतल्या उंचीत त्याला इंचभर खाली सरकवायला वावच उरत नाही, आणि वाट्याला येणारी हवा त्यांतल्या बऱ्याच जणांना अपुरी. दहा इंची दोन घे. एका दहा इंची वूफरच्या कोनाचं क्षेत्रफळ साधारण ३४० चौरस सेंटिमीटर, बारा इंचीचं ५०० च्या आसपास, आठ इंचीचं २१५. म्हणजे दोन दहा मिळून ६८०, एका बारापेक्षा कितीतरी जास्त. दोन आठ मिळून मात्र एका बारापेक्षा कमीच. कमी खोलीचे वूफर आता पुष्कळ कंपन्या काढतात, जेएल ऑडिओची टीडब्ल्यू मालिका, किकरची कॉम्पआरटी, रॉकफर्ड फॉसगेटची पी३एस, अशी नावं दुकानात दिसतील. नावावर जाऊ नकोस, कागदावर जा. बंद पेटीसाठी कंपनी किती हवा सुचवते ते बघ, तुझ्या ०.७२ च्या जवळ असलेला धर. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वॅटकडे बघू नकोस, आरएमएस लिहिलेला आकडाच खरा. आणि एक्समॅक्स बघ. कोन एका बाजूला किती मिलिमीटर शिस्तीत जाऊ शकतो ते त्यात कळतं. पातळ वूफरांची लंगडी बाजू बहुतेक तीच असते.

कोन बाहेरही येतो, हे विसरू नकोस. सीटच्या पाठीचा फोम आणि वूफरची रबरी कड यांच्यात इंचभर तरी अंतर हवं, नाहीतर माणूस मागे रेलला की फोम कडेला घासतो.

नळीवाली पेटी करू का, असं विचारशील. नको. नळीच्या पेटीला हवा जास्त लागते, आणि लहान पेटीत नळी खालच्या सुराला जुळवायची तर ती इतकी लांब होते की ठेवायला जागा नाही. शिवाय केबिन तुझ्या बाजूने आहे. खोलीपेक्षा केबिन इतकी लहान, की साधारण ७०-८० हर्ट्झच्या खाली लाटेला पसरायला वावच उरत नाही, सगळी हवा एकदम दाबली जाते आणि सूर जितका खाली जाईल तितका आवाज चढत जातो. कागदावर हा चढ सप्तकामागे १२ डेसिबलपर्यंत. बंद पेटी आपल्या कंपनसंख्येखाली नेमकी तितकीच उतरते. दारं, खिडक्यांच्या फटी यांतून थोडं निसटतं, पूर्ण १२ काही मिळत नाही, पण एकाचा उतार दुसऱ्याच्या चढाने बराच भरून निघतो. घरातल्या हॉलमध्ये जी पेटी कोरडी वाटेल, ती पिकअपमध्ये तळापर्यंत उतरते. इतक्या वर्षांनीही मला याचा आनंद होतो.

पेटी बांधताना घाई करू नकोस. एमडीएफ कापताना मास्क लाव, ती भुकटी फुफ्फुसाला वाईट. मधली आडभिंत घालच. दोन वूफर एकाच हवेत ठेवले तरी चालतात, पण आडभिंतीने लांब फळी थरथरत नाही, आणि एक वूफर गेला तर दुसऱ्याची हवा शाबूत राहते. प्रत्येक जोडाला लाकडाचा गोंद सलग लाव, स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाड, नाहीतर एमडीएफची कड फाटते. आतून सगळे सांधे सिलिकॉनने भर. मग थांब. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत वूफर बसवू नकोस, एक रात्र आणि वर अर्धा दिवस. ती वाफ बंद पेटीत कोंडली तर वूफरच्या आतले सांधे खाते. हवा थोडी कमी पडली तर आत उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस पिंजून सैल भर. पेटी थोडी मोठी असल्यासारखी वागते. ठासून भरलास तर उलटं होईल.

बसवल्यावर दोन्ही तळहातांनी एक कोन हळूच आत दाब आणि सोड. सावकाश, जड जड परत आला तर पेटी बंद आहे. फटकन आला तर कुठेतरी फट आहे, ओल्या बोटाने शोध.

पेटी गाडीला बोल्टने जखडलीच पाहिजे. एवढी जड वस्तू डोक्यामागे मोकळी ठेवून हायवेवर जायचं नाही. सीटचे मूळचे बोल्ट असतात त्यांत लोखंडी पट्टी अडकव. मागच्या भिंतीत किंवा जमिनीत भोक पाडायचंच असेल तर आधी गाडीखाली जाऊन पलीकडे काय आहे ते बघ. पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरी, सगळं तिथेच फिरत असतं.

जोडणीत एकच गोष्ट बारकाईने कर, ती म्हणजे ओहम. दुहेरी कॉइलचे दोन वूफर घेतलेस, प्रत्येक कॉइल २ ओहमची, तर एका वूफरच्या दोन कॉइल एकामागे एक जोड, ४ झाले. मग दोन्ही वूफर समांतर जोड, २ ओहम झाले. बहुतेक मोनो अॅम्प २ ओहमला आनंदाने चालतात. चारही कॉइल समांतर केल्यास तर अर्धा ओहम होईल आणि अॅम्प जळेल. कॉइल ४-४ ओहमच्या असतील तर चारही समांतर केल्यावर १ ओहम येतो, तोही अॅम्पच्या कागदावर परवानगी असेल तरच. म्हणून वूफर मागवायच्या आधी अॅम्प ठरव.

बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज. ५०० वॅटच्या अॅम्पसाठी अस्सल तांब्याची चार गेजची तार घे. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार घ्यायचीच झाली तर एक माप जाड घे. अर्थची तार जिथे लावशील तिथला रंग लख्ख पत्रा दिसेपर्यंत खरवड.

अॅम्पचा गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. वूफर काढून ठेव, रेडिओचा आवाज तीन चतुर्थांशावर, सगळे बेस-ट्रेबल शून्यावर, ५० हर्ट्झचा सूर लाव आणि अॅम्पच्या टोकांना मीटर धर. वॅटला ओहमने गुणून वर्गमूळ काढ. ५०० वॅट, २ ओहम, म्हणजे ३१.६ व्होल्ट. मीटर तिथे आला की थांब. मग वूफर जोड. खालचे सूर तेवढे जाऊ देणारी गाळणी ८० हर्ट्झवर ठेव, पुढचं कानाने.

दोन्ही वूफर एकाच दिशेला हलतात ना, हे साध्या दीड व्होल्टच्या सेलने बघ. धन टोकाला धन लावलं की कोन बाहेर उडी मारतो. एक बाहेर आणि एक आत गेला तर बेस नाहीसाच होईल.

आता ऐकायची परीक्षा. लोक दणकेबाज गाणी लावतात, त्यात चूक लपते. तू एकल तबला लाव, आणि डग्ग्याचा घिस्सा ऐक. वादक मनगटाने दाबत सूर खालून वर सरकवतो, तो सलग जायला हवा, तेलाची धार ओतल्यासारखा. मध्येच एका जागी सूर मोठा झाला आणि पुढे परत बसला, तर तो फुगवटा पेटीचा किंवा केबिनचा आहे. थोडा कापूस वाढवून बघ, गाळणी ७० वर आणून बघ, फेजचं बटण उलटं करून बघ. आणि झणझण ऐकू आली तर आधी वूफरला दोष देऊ नकोस. नंबरप्लेट, जॅकचा दांडा, मागच्या भिंतीचं प्लॅस्टिक यांवर एकेक करून हात दाबून ठेव, जिथे हात ठेवल्यावर थांबेल तिथे ब्यूटिलची पट्टी लाव.

थँक्सगिव्हिंगला येतोयसच. गाडी घेऊन ये, टेबल सॉ आणि शिकंजे माझ्या गॅरेजमध्ये आहेत, एमडीएफचा एक पूर्ण ताव मी आणून ठेवतो. काकू तुला गुरुवारी हात लावू देणार नाही, पण शुक्रवार-शनिवार आपले. येताना पुठ्ठ्याचा साचा मागे घडी न करता, आडवा ठेवून आण. वूफर अजून मागवू नकोस.